पिंगळी कोणाकडे आहे?

गंगाखेड,
सोमवार, ता. २३ नोव्हेंबर १९३६

चि. रेवणप्पास,
गौराक्काचे अनेक आशीर्वाद.

तू धाडलेली पत्त्यांची पेटी परवा पोचली. नीलम्मा बारा वर्षांची घोडी झाली, तरी पेटी छातीशी धरून घरभर नाचली. चौथीनंतर तिची शाळा सुटली. पुढची शाळा परभणीला, आणि तीही उर्दूत. म्हणून मामाने सोलापुराहून भूगोलाचा खेळ धाडला, याचे मलाही कौतुक वाटले. ते कौतुक किती वेळ टिकले ते आता ऐक.

सोमवारी आपले दुकान बंद असते. महादेवाचा वार, कापडाला कात्री लावायची नाही. जेवणे झाल्यावर आम्ही चौघे सतरंजीवर बसलो. हे, मी, नीलम्मा आणि सासूबाई. सासूबाईंना अक्षर येत नाही, पण पत्त्यांवर चित्रे आहेत म्हटल्यावर त्याही पदर खोचून बसल्या. झाकणाच्या आत छापलेले नियम नीलम्माने मोठ्याने वाचले. एका जिल्ह्याचे पत्ते चार: गाव, नदी, पीक आणि स्टेशन. चार जमले की घर झाले. हवा तो पत्ता नाव घेऊन मागायचा, ज्याच्याकडे असेल त्याने मुकाट्याने द्यायचा. आणि हातात पत्ता असून जो नाही म्हणेल त्याने आपले सगळे पत्ते खाली ठेवायचे. हा शेवटचा नियम मला फार पसंत पडला.

माझी पाळी आली. स्टेशन मागायचे होते. माहेर सोडून माझ्या तोंडून दुसरे काय निघणार? मी विचारले, "पिंगळी कोणाकडे आहे?" हे नाही म्हणाले, नीलम्मा नाही म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, "माज्याकडं तर गाडी बी न्हाई." मग त्यांनी गंगाखेड मागितले. तेही नाही. परभणी मागितली, नाही. शेवटी सगळे पत्ते सतरंजीवर उताणे केले. पुणे आहे, सातारा आहे, रत्नागिरी आहे, पार तिकडचे कारवार आणि कराचीसुद्धा आहे. आपण नाही.

गोदावरीचा पत्ता नाशिकच्या घरात आहे. त्यावर लिहिलेय: काठची मोठी गावे, नाशिक व राजमहेंद्री. बस. मधली गंगा काय पाताळातून जाते? आमच्या घाटावर बायका रोज धुणी आपटतात ती मग कोणाची नदी? झाकणावर नकाशा आहे, त्यात निजामाच्या राज्याच्या जागी नुसता पांढरा कागद. लुगड्याला मधोमध कसर लागावी तसा.

मला वाटते पार्सल इथल्या करोडगिरीच्या जकात नाक्यावर फोडले असणार, कारण वरचा दोरा तुझ्या हातचा नव्हता. आपले पत्ते तिथेच काढून घेतले. यांना म्हटले जाऊन विचारा, तर यांनी कानावर हात ठेवले. मग मीच नीलम्माला घेऊन गेले. नाक्यावरचा माणूस म्हणतो, "अम्मा, हम पत्ते लेको क्या करते?" मी त्याला चार माणसांत नको ते बोलून आले. तू छापणाऱ्याला लिहून आपल्या गावांचे पत्ते पुन्हा मागव.

तुझी,
गौराक्का

---

सोलापूर,
ता. ८ डिसेंबर १९३६

ती. गौराक्कास,
रेवणप्पाचे शरणार्थ.

पत्र पावले. पत्ते नाक्यावर पडले असतील, तसे होते कधीकधी. एवढ्यासाठी चार माणसांत जाऊन भांडायचे कारण नव्हते. हा खेळ इथल्याच एका गृहस्थांनी शाळांसाठी तयार केला आहे. मुंबई इलाख्याच्या अभ्यासक्रमात जे आहे तेवढेच त्यांनी घेतले असेल. त्यांना आता काय लिहायचे? आहेत त्या पत्त्यांवरच नीलम्माची तयारी करून घ्यावी.

तयारी म्हणण्याचे कारण सांगतो. इथल्या मुलींच्या हायस्कुलात जूनमध्ये प्रवेशपरीक्षा आहे. मराठी, गणित आणि भूगोल. नीलम्मा पास झाली तर माझ्याच घरी राहील. तुझ्या भावजयीची हरकत नाही, उलट आमच्या दोन्ही पोरांना ताई मिळेल. पोर हुशार आहे, चुलीपुढे घालवू नकोस. बसवंतराव दाजींना माझा नमस्कार सांगून त्यांच्या कानावर घाल.

तुझा,
रेवणप्पा

---

गंगाखेड,
ता. १९ जानेवारी १९३७

चि. रेवणप्पास,
आशीर्वाद.

आधी माझी चूक कबूल करते. पेटीवर पत्ते अठ्ठेचाळीस असे छापले आहे. मी मोजले. अठ्ठेचाळीस भरले. नाक्यावरच्या बिचाऱ्याने एकालाही हात लावला नव्हता. त्याला तिळगूळ धाडला आणि माफी मागितली. तो हसून म्हणाला, "अम्मा, गोड खाको गोड बोलो." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तू मात्र "नाक्यावर पडले असतील" असे बिनदिक्कत लिहून मोकळा झालास. शिक्षक ना तू? आधी मोजा मग बोला, हे मला तू लिहायचे होतेस.

म्हणजे आपण हरवलो नव्हतो. आपल्याला मुळात घेतलेच नव्हते. त्या गृहस्थांना कराची दिसते आणि नाकासमोरची परभणी दिसत नाही, तर त्यांना चष्मा लागला आहे असे माझ्या वतीने सांग. सोलापुरापासून आमची शीव किती लांब आहे? सकाळी निघालेला बैल दुपारी पोचेल.

रडत बसणे माझ्या स्वभावात नाही. कापडाच्या ठाणात पुठ्ठे येतात, ते यांनी रविवारीच कापून दिले. आणि सोमवारी आम्ही आपले पत्ते केले. तुला हसू येईल, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त भूगोल सासूबाईंना येतो. त्यांचा नकाशा म्हणजे कोणाची लेक कोणत्या गावी दिली आणि तिथला बाजार कोणत्या वारी. त्या सांगत गेल्या आणि नीलम्मा लिहीत गेली. नदीची गावे मुंजाजीने सांगितली. तो पात्रात टरबुजाच्या वाड्या लावतो, पूर आला की वरून काय काय वाहत येते ते बघून गाव ओळखतो. कोपरगाव आणि पुणतांबे ही दोन यांनी घातली, मनमाडहून दौंडला जाताना पाहिलेली. बासर आणि भद्राचलम सासूबाईंचे, यात्रेला गेलेल्या शेजारणींच्या तोंडून आलेले. अशी नाशिकपासून राजमहेंद्रीपर्यंत गंगेकाठची बारा गावे झाली. नीलम्मा आता झोपेतही म्हणते: नाशिक, कोपरगाव, पुणतांबे, पैठण, शहागड, राक्षसभुवन, मंजरथ, गंगाखेड, नांदेड, बासर, भद्राचलम, राजमहेंद्री.

भांडण झाले ते एकाच पत्त्यावरून. गोदावरी कोणाच्या घरात घालायची? हे म्हणाले परभणीच्या, नीलम्मा म्हणाली छापलीय तशी नाशिकच्या. सासूबाईंनी पत्ता उचलून मधोमध ठेवला. म्हणाल्या, "गंगा कुनाच्या घरात बसती का? ती दारावरून जाती." तेव्हापासून आमच्या खेळात गंगा कोणाचीच नाही. ती ज्याच्या हातात येईल त्याने काठचे कुठलेही गाव कुठल्याही गावाला जोडावे. नाशिकला गंगाखेड जोडता येते. तुझ्या त्या गृहस्थांना हे सुचले नाही.

स्टेशनाचा पत्ता मी केला. पिंगळी. चिंचेचे झाड मला नीट काढता आले नाही, तुझा हात असता तर झाले असते.

शाळेचे यांना पटवते आहे. अजून हो म्हणत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत.

गौराक्का

---

सोलापूर,
ता. २ मार्च १९३७

ती. गौराक्कास,
शरणार्थ.

दाजींचा होकार कळला, फार बरे वाटले. सोबत प्रवेशाचा फॉर्म आहे. मी सगळा भरला आहे, दाजींनी खाली सही करून उलट टपाली धाडावा.

एक गोष्ट समजावून सांगतो, रागावू नकोस. इलाख्यातल्या मुलीला शंभरात चाळीस गुण मिळाले तरी प्रवेश मिळतो. परराज्यातल्या मुलीला साठ लागतात. म्हणून मी जन्मगाव सोलापूर असे लिहिले आहे. जन्माचा दाखला कोणी मागत नाही. चार अक्षरांनी कोणाचे काही बिघडत नाही आणि पोरीचे भले होते.

दुसरे असे की परीक्षेत पत्त्यांत छापले आहे तेवढेच लिहायचे. तुम्ही केलेले पत्ते घरी खेळायला ठीक, पण ते इथे आणू नयेत. निजामाची मोगलाई म्हटले की इथे लोक हसतात. तुझ्या मनात नसले तरी हे असेच आहे. पोरीने पहिल्याच दिवशी स्वतःचे हसे करून घेऊ नये एवढीच इच्छा.

रेवणप्पा

---

गंगाखेड,
ता. १४ मार्च १९३७

रेवणप्पा,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

नीलम्मा सोलापुरात जन्मली? कधी रे? पिंगळीच्या घरात मागच्या खोलीत मी कळा देत होते तेव्हा सतरा वर्षांचा एक पोरगा अनवाणी धावत धुरपताबाई सुइणीला आणायला गेला होता. पायात काटा मोडला तरी थांबला नाही. मनमाडची गाडी शिट्टी देत होती आणि त्याच वेळी पोर रडली. खोलीबाहेर पहिल्यांदा तिला हातात घेतले ते त्यानेच. तो पोरगा कोण होता? तोही सोलापूरचाच का?

हे सही करून मोकळे झाले. वर मला म्हणतात, शाळा मिळत असेल तर सोलापूर तर सोलापूर. माझे डोके फिरले. नऊ महिने मी वागवली आणि तिचे गाव तुम्ही दोघे बाप्ये वाटून घेता? माझ्या बाळंतपणाच्या जागेवर तू रेघ मारतोस आणि चार अक्षरे म्हणतोस. चाळीस आणि साठ हा न्याय कोणी केला तेही मला कळत नाही. आमच्या पोरींची डोकी काय दीडपट मोठी असतात? की गंगेचे पाणी प्यायले म्हणून दंड?

खरे सांगते, फॉर्म फाडणार होते. पण फाडला तर नीलम्माचे शिकणे संपले, हेही मला कळते. पुढच्या वर्षी तिला पाहायला लोक येतील आणि यांना तरी किती दिवस थांबवू? म्हणून मी फॉर्म तिच्यापुढे टाकला आणि म्हटले, तूच बघ. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाली, "आई, मला शिकायचंय. पन तिथं कुनी पिंगळीचं इचारलं तर मी काय सांगू?" टाक घेतला, सोलापूर खोडले आणि आपल्या हाताने पिंगळी, जिल्हा परभणी असे लिहिले. म्हणाली, साठ तर साठ.

तो फॉर्म सोबत आहे. बदलू नकोस. माझ्या मुलीने आपल्या हाताने लिहिलेय.

आमचे शेजारी अण्णाराव बार्शीला सरकीच्या कामाने जाणार आहेत, ते तिला मे महिन्यात आणून पोचवतील. परळीहून लातूरपर्यंत मोटार आणि पुढे छोटी आगगाडी. पत्ते ती बरोबर आणणार आहे, आमचे. लोकांना हसायचे असेल त्यांनी हसावे.

गौरा

---

सोलापूर,
ता. ११ जून १९३७

सौ. आईस,
नीलम्माचे शरणार्थ. आजीला आणि बाबांना शरणार्थ.

आई, निकाल लागला. मी नापास झाले. शंभरात छप्पन्न पडले. चाळीसवाल्या मुली आत गेल्या, त्यांतली एक माझ्यापुढे एकोणचाळीस म्हणून रडत होती, तिला एक गुण वाढवून दिला.

मराठी आणि गणित चांगले गेले होते. भूगोलात सहा गुणांचा प्रश्न होता, गोदावरीकाठची गावे पश्चिमेकडून पूर्वेकडे लिहा. मामाने दोनच लिही म्हणून बजावले होते. मी दोन लिहिली आणि थांबले. मग मला मुंजाजीकाका दिसायला लागले, आणि आजी. मी बारा लिहिली, क्रमाने, एकही चुकले नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला पेपर दाखवला. दहा गावांवर तांबड्या पेन्सिलीने फुल्या आहेत आणि शेजारी शून्य. नाशिक आणि राजमहेंद्रीचेसुद्धा गुण दिले नाहीत. बाई म्हणाल्या, तपासणाऱ्यांनी ठरवले ते ठरवले, उगाच भरमसाट लिहू नये.

आई, मला रडू आले नाही, राग आला. गंगाखेडवर फुली कशी मारतात? मी तिथे पाणी भरते.

अजून एक सांगायचे आहे. लिहू की नको असे चार दिवस वाटत होते. मामाच्या टेबलाच्या खणात मी टाक शोधत होते. तिथे आपल्या पेटीतल्या सगळ्या पत्त्यांची चित्रे आहेत, हाताने काढलेली. मामाच्या हाताची. ते गृहस्थ म्हणजे मामाच आहे. आणि त्यात चार पत्ते जास्त आहेत, जे छापले नाहीत. परभणी, पूर्णा नदी, ज्वारी आणि पिंगळी स्टेशन. स्टेशनामागे चिंचेचे झाड इतके छान काढलेय की तू बघशील तर ओळखशील. चारांवर आडवी रेघ मारलेली आहे.

परवा शेजारचे मास्तर आले होते, ते मला विचारत होते तू कुठली ग. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, आमच्या बार्शीकडची. मामाने इथे सगळ्यांना तो बार्शीचा आहे असेच सांगितलेय. त्याच्या पोरांनासुद्धा पिंगळी माहीत नाही.

निकालाच्या आदल्या दिवसापासून मामा नीट जेवत नाही. माझ्याशी बोलतही नाही. मला न्यायला कोणाला तरी धाड.

नीलम्मा

---

गंगाखेड,
ता. १७ जून १९३७

रेवणप्पा,

नीलम्माचे पत्र आले. मी ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्या पानात वाढलेले तसेच ठेवून उठल्या.

मी पाच महिने कोणत्या गृहस्थाला शिव्या देते आहे ते आज कळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चष्मा लागलाय म्हटले मी. डोळे चांगले होते रे तुझे. तुला सगळे दिसत होते. चिंच दिसली, स्टेशन दिसले, काढलेस, आणि आपल्या हाताने रेघ मारलीस. नाक्यावरच्या परक्या माणसाला मी चोर ठरवले, आणि तू ते ठरवू दिलेस. त्याने तिळगूळ खाऊन मला माफ केले. तुला मी काय देऊ?

लाज कशाची वाटली? आप्पांनी पिंगळीच्या स्टेशनावर कापसाच्या गाठी मोजून तुला शिकायला पाठवले त्याची? लोक हसतात म्हणतोस. लोक हसतात कारण आम्ही कुठे आहोत ते त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही कारण ज्याला ठाऊक होते त्या मास्तराने रेघ मारली. निजामाच्या राज्यात आमची भाषा शाळेत नाही. तुमच्या राज्यात आमचे गाव पत्त्यांत नाही. आम्ही जायचे कुठे, बाबा? गंगेत?

नीलम्माला मी परत आणणार नाही. निदान इतक्यात नाही. तू आधी त्या तपासणाऱ्याकडे जा. त्याला विचार की गंगाखेडावर फुली मारताना तुझा हात कसा कापला नाही. त्याला विचार, कधी गंगेची ओंजळ तरी घेतलीस का. हुशार माणूस दिसतो, बारापैकी दोनच गावे त्याला माहीत.

आणि तुला एकच सांगते. नियम तुझाच आहे, तुझ्याच पेटीच्या झाकणात छापलाय. हातात पत्ता असून नाही म्हणेल त्याने काय करायचे? मी सातदा वाचलाय.

ठेव खाली.

गौरा

---

सोलापूर,
ता. २९ जून १९३७

ती. गौराक्कास,
रेवणप्पाचे शिरसाष्टांग शरणार्थ.

तपासणाऱ्याला विचारले. तो मीच.

हायस्कूलचे भूगोलाचे पेपर तीन वर्षे माझ्याकडे येतात. वर नाव नसते, नंबर असतो. पण ती बारा गावे वाचली आणि पेपर कोणाचा ते मला कळले. तुझ्या जानेवारीच्या पत्रातलीच ओळ होती, अगदी त्याच क्रमाने. नमुना उत्तर मीच करून दिले होते, त्यात दोनच गावे. बारांना गुण दिले असते तर मोठ्या बाईंनी विचारले असते की ही दहा बरोबर आहेत हे तुम्हाला कसे माहीत. मला दुसरे काही भय नव्हते, एवढेच होते. मी पेन्सिल उचलली. पैठणवर मारली, शहागडवर मारली. गंगाखेडवर आलो तेव्हा थांबलो, आणि मग तिथेही मारली. एकूण छप्पन्न होतील हे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत असते तर काय केले असते, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

इथे आलो तेव्हा विसाचा होतो. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी म्हणाले, मोगलाईतला म्हणजे अलीफ-बे शिकवणार का. सगळे हसले. दुसऱ्याने गाव विचारले तेव्हा तोंडातून बार्शी निघाले. एकदा निघाले की मग रोज तेच म्हणावे लागले. पत्ते छापताना प्रकाशक म्हणाले, तुमच्या त्या चार पत्त्यांची इथे कोणाला गरज आहे, आणि ते तुम्हाला एवढे बारीक ठाऊक कसे? मी घाबरून रेघ मारली. यात कुठेही माझी बाजू नाही. झाले ते लिहिले.

तुझे पत्र आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नीलम्माला घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. ही माझी भाची आहे, हिचा पेपर मी तपासला आणि जाणूनबुजून चुकीचा तपासला, असे सांगितले. माझे गाव पिंगळी आहे हेही सांगितले. बाई फार चिडल्या, त्यांचे बरोबर होते. म्हणाल्या, गावे खरी कशावरून? भिंतीवर सर्वेक्षणाचा मोठा नकाशा आहे. नीलम्मा स्टुलावर चढली आणि त्र्यंबकपासून बोट ठेवून निघाली. एकेक गाव वाचत गेली, बाई खालून पेपर बघत होत्या. बारीक अक्षरांत सगळी होती, आक्का. गंगाखेडही होते. नकाशात तुम्ही होताच, माझ्याच पत्त्यांत नव्हता.

सहापैकी सहा मिळाले. बासष्ट झाले. नीलम्माचे नाव काल लागले, जन्मगावासकट.

तपासणीचे काम माझ्याकडून काढून घेतले आहे. शाळेच्या दप्तरात गाव बदलायला अर्ज दिला आहे. शिक्षकांच्या खोलीत परवापासून मला नवे नाव पडले आहे, ते तुला लिहीत नाही, तू भांडायला गाडीत बसशील. प्रकाशकांना ते चार पत्ते धाडले, उत्तर अजून नाही. न आले तरी मी पुन्हा लिहीन.

काल सोमवार होता. नीलम्माने तुमचे पत्ते काढले आणि माझ्या पोरांना खेळायला बसवले. मी बाजूला बसलो होतो, मला ओढून घेतले. तेवढ्यात शेजारचे ते मास्तर आले, तेही बसले. पत्ते वाटले. माझ्या हातात तू काढलेला पत्ता आला. चिंच खरेच नीट जमलेली नाही.

नीलम्मा बराच वेळ दुसरेच काहीबाही मागत राहिली. मग तिने माझ्याकडे सरळ बघून विचारले, "मामा, पिंगळी आहे का तुमच्याकडे?" धाकटा म्हणाला, पिंगळी म्हणजे काय. मास्तर पत्त्यांवरून माझ्याकडे बघू लागले.

"आहे," मी म्हणालो, आणि पत्ता तिच्या हातात दिला.

रेवणप्पा पिंगळीकर